सांगलीत बर्मीज मांजर घरी आणायचंय? आधी दिवसभर घरात कोण असतं ते बघा

बर्मीज मांजराबद्दल हल्ली बरेच जण विचारायला लागलेत. कुठंतरी फोटो बघितलेला असतो, चकचकीत तपकिरी अंग, सोनेरी डोळे, आणि पहिला प्रश्न हाच की कुठं मिळेल आणि केवढ्याला. माझा उलटा प्रश्न असतो. तुमच्या घरात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कोण असतं?

कारण हे मांजर एकटं राहत नाही. बाकीची मांजरं आपापल्या जागी झोपून दिवस काढतात, ह्याला माणूस लागतो, आणि नुसता घरात असून भागत नाही, ह्याच्याशी बोलणारा, ह्याला अंगाखांद्यावर घेणारा लागतो. नवरा-बायको दोघं नोकरीला, पोरं शाळेतून परस्पर क्लासला, घराला कुलूप, असं असेल तर एकटं बर्मीज आणूच नका. एकटं पडलं की ओरडतं, अंग चाटून चाटून केस काढतं, खाणं सोडतं नाहीतर नको तेवढं खातं, आणि मग घरातले म्हणतात मांजर वाईट निघालं. मांजर वाईट नसतं हो, ते घर त्याच्यासाठी नसतं.

आपल्याकडे ह्या बाबतीत मोठी सोय आहे. सांगली, मिरज, सातारा, कराड, इकडं अजूनही बऱ्याच घरात आजी-आजोबा असतात, दुपारी कोणीतरी घरात असतंच. आमच्याकडं सासूबाई असतात. त्या मेथी निवडायला बसल्या की आमची मांजरी त्यांच्या मांडीवर, देवपूजेला बसल्या की पाटाच्या कडेला, आणि दुपारी त्या पडल्या की चादरीच्या आत त्यांच्या गुडघ्याला टेकून. पोथी वाचताना मध्येच बारीक घोगऱ्या आवाजात उत्तर दिल्यासारखं बोलते आणि सासूबाईपण तिला "हो गं बाई" म्हणून पुढं वाचतात. हे रोजचं आहे. असं कोणी घरात असेल तर बर्मीजइतकं प्रेमाचं मांजर दुसरं नाही असं मी छातीठोकपणे सांगते. आणि कोणीच नसेल पण मांजर हवंच असेल तर दोन आणा, एकमेकांच्या वयाची, एका वेळी. दुसरं बर्मीजच पाहिजे असं काही नाही, आपलं गावठी खेळकर पिल्लू चालतं.

पण ज्या आजींच्या भरवशावर आणणार त्यांना आधी विचारा. मांजर आडवं गेलेलं चालत नाही, देवघरात शिरलेलं चालत नाही, सोवळं असतं, कुणाला दमा असतो, कुणाला केसांची ॲलर्जी असते. आधी एखाद्या मांजरवाल्या घरी त्यांना घेऊन जा, तासभर बसू द्या. मांजर आणल्यावर घरात वाद होऊन ते परत कुणाच्या तरी गळ्यात घालायचं, हे बर्मीजच्या बाबतीत फार वाईट, ते माणसाला धरून असतं, घर बदललं की खचतं.

आता जरा ह्या जातीचा इतिहास, कारण पुढं तब्येतीचं जे सांगायचंय ते इथूनच येतं. १९३० साली डॉ. जोसेफ थॉम्पसन नावाच्या माणसानं ब्रह्मदेशातून एक तपकिरी मांजरी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला नेली, तिचं नाव वाँग माऊ. तिथं तिच्या जातीचा बोका नव्हता म्हणून ताय माऊ नावाच्या सयामी बोक्याशी जोडी लावली, पिल्लं वेगवेगळ्या रंगांची झाली, त्यातली गडद तपकिरी निवडून निवडून पुढची जात तयार केली. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या सीएफए ह्या मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं मान्यता दिली, सयामीशी फार संकर होतोय म्हणून १९४७ मध्ये काढून घेतली, आणि पन्नाशीच्या दशकात परत दिली. ब्रिटनमध्ये १९५२ ला मान्यता मिळाली. तिथं पुढं लाल, क्रीम असे रंगपण आले. दोन्हीकडं जात वेगवेगळी वाढली, म्हणून अमेरिकन बर्मीज जास्त गोल तोंडाचं नि भरीव, आणि युरोपियन जरा सडपातळ नि लांबट तोंडाचं असतं.

मुद्दा काय, तर अख्खी जात मोजक्या जनावरांपासून वाढवलीय. एकाच घराण्यात लग्नं लावत गेलं की आजार साठत जातात, इथंही तेच झालंय. त्यामुळं बर्मीज घेताना रंग नंतर, आईबापाचे रिपोर्ट आधी.

मिळतं कुठं? आपल्या भागात पर्शियन म्हणाल तेवढी मिळतील, खरं बर्मीज क्वचितच. त्यामुळं कुणी "बर्मीज आहे" म्हणून स्वस्तात तपकिरी नाहीतर काळं पिल्लू दाखवलं तर लगेच पैसे काढू नका. ॲडव्हान्स तर अजिबात पाठवू नका, फोटो नि व्हिडिओ कुठूनही उचलता येतात. पिल्लू, त्याची आई आणि ते राहतात ती जागा, हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आई दाखवायला टाळाटाळ केली की तिथून निघायचं.

सगळ्यात चांगला मार्ग माझ्या मते मोठं झालेलं मांजर अडॉप्ट करणं. पुण्या-मुंबईत लोकांच्या बदल्या होतात, परदेशी जातात, बाळ होतं, कुणी आजारी पडतं, आणि चांगली सांभाळलेली मांजरं नवीन घर शोधत असतात. आमची अशीच आली, एक कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं. मोठ्या मांजराचा स्वभाव आधीच कळतो, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असतं, वाळूच्या ट्रेमध्ये शी-शू करायची सवय असते. बर्मीज माणसांत इतकं रमतं की दोन-चार वर्षांचं मांजरसुद्धा नवीन घरात मिसळतं, थोडा वेळ द्यावा लागतो एवढंच. आधीच्या मालकाकडून लसीचं पुस्तक, आधीची औषधं, खाण्याचा ब्रँड, आणि शक्य झालं तर त्याची रोजची चादर न धुता मागून घ्या. आणि एका कागदावर लिहून घ्या की मांजर कुणी कुणाला दिलं, म्हणजे उद्या कटकट नको.

दुकानातून किंवा ब्रीडरकडून घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की २०१८ चे पेट शॉप नियम आहेत, दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. मी तर म्हणते बारा आठवड्यांपर्यंत थांबा, आई आणि भावंडांत राहिलेलं पिल्लू चावणं-ओरबाडणं कुठपर्यंत करायचं ते तिथंच शिकून येतं. परदेशातून मागवायचा विचार असेल तर तो सोडून द्या, परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्या माणसासाठी वेगळी तरतूद आहे, बाकीच्यांना डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचा परवाना, क्वारंटाइन खात्याचं ना हरकत पत्र, हे सगळं लागतं, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात जिवाचे हाल होतात ते वेगळेच.

ओळखायचं कसं ते सांगते. केस आखूड, अंगाला चिकटून, हात फिरवला की रेशमी लागतात, खाली लोकरीसारखा थर जवळजवळ नसतो. मूळ रंग, ज्याला सेबल म्हणतात, तो चिंचोक्यासारखा गडद तपकिरी, पाठीवर जास्त आणि पोटाकडं थोडा फिका, नाक आणि पायाचे तळवेसुद्धा तपकिरी. पिल्लं जन्मताना फिकट असतात आणि महिने जातात तसा रंग भरतो, म्हणून दोन महिन्याच्या पिल्लाचा रंग बघून फार ठरवू नका. शॅम्पेन, निळसर राखाडी आणि प्लॅटिनम हे बाकीचे रंग. डोळे पिवळे ते सोनेरी. डोळे निळे, केस लांब आणि चारही पंजे पांढरे असतील तर ते बर्मन, ती वेगळी जात. कुळकुळीत काळं आणि तांबूस डोळ्यांचं असेल तर कुणी बॉम्बे कॅट म्हणून सांगेल, तीसुद्धा बर्मीजपासूनच केलेली, अमेरिकेत केंटकीमध्ये निकी हॉर्नर ह्या बाईंनी पन्नाशीच्या दशकात काळ्या अमेरिकन शॉर्टहेअरशी संकर करून, आपल्या काळ्या बिबट्यासारखी दिसावी म्हणून. खऱ्या बर्मीजची अजून एक खूण म्हणजे वजन, दिसायला मध्यम पण उचललं की हाताला जड लागतं. मांजरी साडेतीन-चार किलो, बोका पाच किलोच्या आसपास.

पिल्लू हातात घेतल्यावर घाई करू नका. आधी त्याला जमिनीवर चालू द्या. मान बघा. बर्मीजमध्ये रक्तातलं पोटॅशियम घसरण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, साधारण दोन ते सहा महिन्यांच्या वयात दिसायला लागतो. पिल्लू मान वर धरू शकत नाही, हनुवटी छातीकडं झुकते, डोकं हलतं, आणि चाल ताठर होते, जिना चढताना मध्येच बसतं. मग परत बरं वाटतं, परत होतं. लोकांना वाटतं दमलं असेल. वेळेत कळलं तर पोटॅशियमचं औषध देऊन छान जगतं, पण डॉक्टरला जात सांगितली नाही तर पटकन डोक्यात येत नाही. ह्याची डीएनए टेस्ट होते, गालातला कापसाचा बोळा पाठवून. आईबाप दोघांकडून दोष आला तरच आजार होतो, म्हणून दोघांचे रिपोर्ट मागायचे. जीएम-टू म्हणून मेंदूचा एक जीवघेणा आजार आहे, त्याची आणि अमेरिकन गोल तोंडाच्या जातीत कवटीचा जो दोष येतो त्याचीपण टेस्ट होते. विकणाऱ्याला ह्यातलं काहीच माहीत नसेल तर तो बर्मीजचा ब्रीडर नाही, एवढं समजून घ्या.

मग हिरड्या गुलाबी आहेत का, कानात कॉफीच्या चुऱ्यासारखी काळी घाण नाही ना, शेपटीखाली ओलं-चिकट नाही ना, पोट फुगून जंताचं वाटत नाही ना, शिंकतंय का. आणि अनोळखी माणसाकडं येतंय का. निरोगी बर्मीज पिल्लू चार-पाच मिनिटात तुमच्या हातावर चढलेलं असतं, कोपऱ्यात दबून बसलं असेल तर एकतर आजारी आहे नाहीतर माणसांत वाढवलेलं नाही.

येताना गाडीत कडक प्लॅस्टिकचा कॅरियर पाहिजेच, पिशवी किंवा पुठ्ठ्याचा खोका नको. पुण्याहून येत असाल तर खंबाटकीच्या वळणांवर उलटी होण्याची शक्यता असते, त्यामुळं निघायच्या आधी पोट भरून देऊ नका, खाली जुना टॉवेल घाला आणि एक जास्तीचा ठेवा. वाटेत कितीही ओरडलं तरी मांडीवर काढायचं नाही, हायवेला दार उघडलं की संपलं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस एकच खोली. ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी लांब दुसऱ्या कोपऱ्यात, लपायला खोका, आणि ती जुन्या घरची चादर. शेजारपाजारचे बघायला येतात, त्यांना आठवडाभर थांबवा. रात्री दाराबाहेर ओरडत ठेवू नका, एक जण त्याच खोलीत झोपा. बर्मीजला पांघरुणात घुसून झोपायची हौस असते आणि ती एकदा लागली की जन्मभर राहते, तेव्हा पहिल्या रात्रीच ठरवा तुम्हाला चालणार आहे का. घरात आधीचं मांजर असेल तर समोरासमोर लगेच आणू नका, एकाचा टॉवेल दुसऱ्याजवळ, मग दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग जाळीतून ओळख.

बाहेर सोडायचं नाही. ह्यावर बरेच जण वाद घालतात की मांजराला मोकळं पाहिजे. गावठी मांजराला गल्लीची अक्कल असते, बर्मीज कुणाच्याही पायात जातं, कुत्रा दिसला तरी बघत उभं राहतं, आणि दिसायला देखणं म्हणून उचलून नेणाराही भेटतो. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी पुरत नाही, नख्यांनी फाटते, तारेची मजबूत जाळी लावा, गॅलरीला नेट. त्याऐवजी घरात उंच चढायला फळ्या, आणि दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं खरोखर खेळायचं. म्हातारं झालं तरी खेळतं हे मांजर. चेंडू आणून देणारीसुद्धा असतात.

खाण्याचं स्पष्ट बोलते. मांजर मांसाहारीच प्राणी आहे, टॉरीन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. दूध-भाकरी, दूध-चपातीवर गावाकडं मांजरं जगतात असं वाटतं, ती उंदीर खातात म्हणून जगतात. तुमच्या घरात मांसाहार चालत नसेल तर निदान मांजराचं तयार खाणं तरी चाललं पाहिजे, तेही नको असेल तर मांजर पाळू नका. पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं, पिल्लाचंच किबल, म्हणजे कोरडं दाणेदार खाणं, आणि सोबत ओलं खाणं. उकडलेलं चिकन मीठ-मसाला-कांदा-लसूण काही न घालता कधीमधी चालतं, पण नुसत्या चिकनवर वाढवलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात. मोठं झाल्यावर वाटी भरून दिवसभर ठेवायची सवय लावू नका. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या बर्मीजमध्ये मधुमेहाचं प्रमाण बाकी मांजरांपेक्षा जास्त आढळलंय, आणि ऑपरेशन झालेलं घरातलं मांजर पटकन सुटतं. महिन्यातून एकदा त्याला घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा, वहीत लिहा. पाणी एकदम जास्त प्यायला लागलं, ट्रेमधले गोळे मोठे व्हायला लागले, खाऊनही वाळायला लागलं, तर रक्तातली साखर बघून घ्या.

घरातल्या धोक्यांमध्ये आपल्याकडचे काही खास आहेत. फिनेल आणि तसली जंतुनाशकं, मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, फरशीवर चालून पंजे चाटले की पोटात जातात, तेव्हा फरशी साध्या पाण्यानं नाहीतर मांजराला चालणाऱ्या लिक्विडनं पुसा. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही, एक गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध लावू नका, परमेथ्रिन असेल तर झटके येतात. बुकेमधली लिली, नुसते परागकण अंगाला लागून चाटले तरी किडनी जाते. तासगाव जवळ असल्यानं घरोघरी बेदाणे असतात, द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक आहेतच, मांजरापासूनही लांब ठेवा. आणि गजऱ्याचा दोरा. सयामी-बर्मीजना लोकर, दोरा, कापड चघळायची खोड असते, गजरा वाळून पडला की दोरा गिळतात, एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात जातं, आतडं चुणीसारखं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच उचलून दवाखान्यात.

डॉक्टर मांजर आणायच्या आधी ठरवा. आपल्या भागातले बरेच पशुवैद्य गाई-म्हशीत तरबेज आहेत, पण मांजराचं वेगळं असतं, म्हणून सरळ विचारा, मांजरांची ऑपरेशनं नेहमी करता का, रात्री फोन उचलता का, रक्त तपासणी कुठं होते. सातारकरांना शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड केससाठी तिथं जाता येतं. लसी साधारण आठ, बारा आणि सोळा आठवड्यांना तिहेरी, म्हणजे तीन आजारांची एकत्र, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीज. त्या तिहेरीतला पॅनल्यूकोपेनिया हा उलट्या-जुलाबाचा आजार पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवतो आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, त्यामुळं घरात आधी मांजराचं पिल्लू उलट्या-जुलाबानं गेलं असेल तर लसीकरण पूर्ण झालेलंच मांजर आणा. जंताचं औषध, आणि पाच-सहा महिन्याला नसबंदी. बोक्याची न केल्यास घरभर मुतून खुणा करतो आणि मांजरी माजावर आली की बर्मीजचा आवाज अख्ख्या कॉलनीला ऐकू जातो.

हवामानाचं म्हणाल तर सांगलीचा उन्हाळा पर्शियनपेक्षा हे बरं काढतं, केस आखूड असल्यानं. दुपारी पंखा, थंड फरशी, दोन-तीन जागी पाणी. उलट साताऱ्याकडच्या पावसाळी गारठ्यात आणि डिसेंबरात ह्याला थंडी वाजते, उबदार अंथरूण लागतं.

आणि नदीकाठच्यांनी पुराची तयारी मांजर आणतानाच करायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, माणसं बोटीतून काढावी लागली, तेव्हा कॅरियर शोधायला वेळ नव्हता. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५ फूट. इशारा पातळीकडं पाणी निघालं की मांजर नातेवाइकांकडं हलवायचं, ४५ ची वाट बघायची नाही. त्यासाठी कॅरियर माळ्यावर न टाकता बारा महिने खोलीतच उघडा ठेवा, आत चादर घाला, अधूनमधून खाणं आतच द्या, म्हणजे घाईच्या वेळी ते स्वतःहून आत शिरतं. लसीच्या पुस्तकाचा फोटो मोबाईलमध्ये, आठवड्याचं खाणं आणि वाळू एका पिशवीत, आणि तुमच्या नातेवाइकांना आधीच विचारून ठेवलेलं, की पाणी वाढलं तर मांजरासकट येणार आहोत.